पोथीची मुदत शनिवारपर्यंत

स्वतःच्या घरची पोथी वाचायला मिळावी म्हणून मला दोन जामीन द्यावे लागले, हे सांगितलं तर आजही कोणी खरं मानत नाही. जामीन चोराला लागतो, नाहीतर मारामारी करणाऱ्याला. मी दोन्हीतलं काही केलं नव्हतं. मी फक्त पोथी उसनी दिली होती.

ते दिवसच तसे होते. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला पोचेना, आणि इकडे अमरावतीत कापसाला असा भाव आला होता की लोकांना झोप लागेना. आमच्या शेजारच्या पार्बताबाईंनी जावयाची गादी उसवून आतला कापूस विकला आणि जावई आला तेव्हा त्याला घोंगडीवर निजवलं. गावात जो तो घाईत. मीही घाईत. अकोल्याचे रामराव माझा कापूस घेत. एकदा जेवायला आले असता त्यांनी देव्हाऱ्याजवळची पोथी पाहिली आणि म्हणाले, "नत्थुजी, आठ दिवसांसाठी द्या. मायले आयकवतो." मोठं गिऱ्हाईक. मी पोथी कापडात बांधून त्यांच्या बैलबंडीत ठेवली.

पोथी माझी नव्हती. कौशल्येची होती. तिच्या वडिलांनी कौंडण्यपूरला स्वतःच्या हाताने लिहिलेली, रुक्मिणीची कथा, एकवीस अध्याय. तिला वाचता येत नव्हतं. मला बाळबोध लिपी अडखळत का होईना येते. लग्नात तिने ही पोथी बरोबर आणली आणि दरवर्षी म्हणायची, "वाचा ना जी." मी म्हणायचो, "कापूस इकू दे, मंग वाचतो." असे करत नऊ अध्याय झाले होते. दहाव्याच्या आधी रामराव आले.

गेल्या पौषात कौशल्या गेली. आठ दिवसांच्या तापात.

यंदा पौष लागला, वर्षश्राद्ध जवळ आलं, तसं मी मनाशी ठरवलं की त्याच्या आधी सप्ताह करायचा आणि पूर्ण पोथी मीच वाचायची. रामरावांना चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं की पोथी त्यांनी अमरावतीला नव्याने निघालेल्या पुस्तकालयाला भेट दिली आहे, त्याबद्दल त्यांचा जाहीर सत्कार झाला, आणि पोथी आपल्याच गावात असल्याने गैरसोय नसावी.

पुस्तकालय म्हणजे कापसाच्या पेठेपलीकडे एक खोली, तिच्यात एक कपाट, एक मेज आणि चिटणीस वामनराव. वामनराव पुण्याकडचे. पगडी सरळ, बोलणं सरळ, आणि नियम तर त्यांनी स्वतःच लिहिलेले. खोली कायम भरलेली असे, पण कपाटाकडे कोणी बघत नसे. सगळे मेजाभोवती. मुंबईहून टपालाने इंग्रजी वर्तमानपत्र येई, त्यात विलायतेतला कापसाचा भाव असे, आणि वामनराव तो मराठीत मोठ्याने वाचून दाखवत. गावातली निम्मी माणसं त्यासाठीच सभासद झाली होती. आमचे शेजारी भगवंतराव, कापसाचे दलाल, हे त्यातलेच. त्यांना कपाट कोणत्या भिंतीला आहे हेही ठाऊक नव्हतं.

"पुस्तक क्रमांक बेचाळीस," वामनरावांनी वही पाहून सांगितलं. "देणगीदार, रामराव, अकोला."

"ते माही पोथी हाय," मी म्हणालो.

"असं प्रत्येक जण म्हणू लागला तर इथे नुसतं कपाट उरेल. आपण सभासद आहात?"

नव्हतो. सभासद होण्यासाठी दोन सभासदांची शिफारस, आणि हस्तलिखित पोथी घरी न्यायची तर त्याच दोघांची जामीनकी. भगवंतरावांनी सही केली. मेजाजवळच्या आणखी एकाला त्यांनी कोपराने ढोसलं. त्याने भावावरची नजर न काढता सही केली. कोणाला जामीन राहिलो हे त्याला अजूनही ठाऊक नसावं.

"वाचनाचा हेतू?" वामनरावांनी विचारलं.

"वाचणं."

मी कौशल्येचं नाव काढलं नाही. परक्यासमोर तिचं नाव काढलं की माझा आवाज नीट राहत नाही, आणि दोन जामिनांसमोर ते बरं दिसलं नसतं.

मग पानं मोजली. सुटी पानं, खाली वर दोन फळ्या. वामनरावांची चौऱ्याऐंशी भरली, माझीही चौऱ्याऐंशी. भगवंतरावांची त्र्याऐंशी, म्हणून पुन्हा तिघांनी मोजली. नियमांचा छापील कागद वामनरावांनी शेवटच्या पानाखाली, खालच्या फळीवर ठेवला आणि म्हणाले, "वाचून घ्या."

आता इथे माझी काय चूक, ते वाचणाऱ्यांनीच सांगावं. पोथी पहिल्या पानापासून वाचतात. समाप्तीच्या आधी शेवटचं पान कोणी उलटून पाहत नाही, आणि त्याच्या खालचा कागद तर त्याहून नाही. जो नियम पाळायला सांगायचा तो अशा जागी ठेवायचा की तो वाचणं हेच पाप, याला काय म्हणावं!

पुस्तकं द्यायचा वार सोमवार, म्हणून सोमवारी उजाडताच पोथी घरी आणून चौरंग मांडला, वर पोथी, पुढे सुपारी, नारळ, बाजूला समई. पन्नास माणसांसमोर संकल्प सोडला की सात दिवस, रोज तीन अध्याय, रविवारी समाप्ती. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वर्षश्राद्ध. एकदा असा संकल्प सुटला की समाप्तीपर्यंत पोथी चौरंगावरून हलवायची नाही आणि समई विझू द्यायची नाही. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. वामनरावांना नव्हतं.

वाचन रंगलं. मला सवय नव्हती, एकेका ओळीला मी बैलासारखा अडत होतो, पण बाया ऐकत होत्या. बुधवारी नववा अध्याय संपला. गुरुवारी दहावा काढला. त्याच्या पुढचं मी कधी वाचलं नव्हतं. कौशल्येने ते लहानपणी ऐकलेलं होतं, पण पुढे काय आहे विचारलं की म्हणायची, "वाचा, म्हंजे समजन." त्या दिवशी मी इतक्या जोरात वाचलं की पार्बताबाई म्हणाल्या, "अवो, रुक्मिणी पळून जाऊन रायली, तिले हाक नोका मारू!"

शुक्रवारी पंधरा अध्याय झाले आणि तिसऱ्या प्रहरी वामनराव दारात उभे.

"स्मरण द्यायला आलो," ते म्हणाले. "उद्या शनिवार. दिवेलागणीच्या आत पुस्तक जमा. नियम अकरावा."

"उद्या कावून? सप्ताह हाय. सात दिवस."

"सप्ताह सात दिवसांचा असेल. मुदत सहा दिवसांची आहे. शनिवारी सर्व पुस्तकांची मोजदाद होते. सोमवारी पुन्हा नेता येईल."

"मंग एक दिवस वाढवा."

"वाढवता येईल. मात्र त्यासाठी पुस्तक समक्ष पुस्तकालयात हजर करावं लागतं. आणि मुदत चुकली तर सभासदत्व रद्द. आपलं आणि," त्यांनी मागे पाहिलं, "जामिनांचंही."

भगवंतराव ओसरीवर पान खात होते. त्यांचा जबडा तिथेच थांबला. सभासदत्व गेलं तर विलायतेचा भाव त्यांना सगळ्यांच्या नंतर कळणार. ऐन पौषात! वामनराव गेले आणि भगवंतरावांनी अख्खा मोहल्ला गोळा केला.

कोणी म्हणालं, आज आणि उद्या मिळून सहा अध्याय उरकून टाका. पण संकल्प मोडतो. कोणी म्हणालं, पोथी माकडाने नेली म्हणून सांगा. पार्बताबाई म्हणाल्या, "त्या चिटणीसालेच जेवाले बोलवा आन शनिवारभर उठूच देऊ नोका." ही सूचना मला बरी वाटली होती. पण भगवंतराव दलाल माणूस, त्यांना दोन्ही बाजू राखायची सवय.

"नत्थुजी," ते म्हणाले, "पोथी चौरंगावून हालवाची नाई. पन चौरंग हालवाले कोनाची मनाई हाय? चौरंगासकट बंडीत ठेवा, समई पेटलेली ठेवा, पुस्तकालयाच्या दारात न्या, मुदत वाढवा, वापस आना. देव बी खुश, चिटणीस बी खुश."

सगळे वा वा म्हणाले. मीही म्हणालो. इतका उत्साह मला वर्षभरात आला नव्हता.

शनिवारी सकाळी तीन अध्याय वाचले आणि दुपारी निघालो. बंडीत चौरंग, चौरंगावर पोथी, शेजारी समई, आणि मी समईभोवती दोन्ही हातांची ओंजळ धरून बसलेलो. भगवंतराव बैल हाकत होते. मागून पार्बताबाई आणि दहा बाया भजन म्हणत. मला वाटलं, कौशल्या असती तर पोट धरून हसली असती. मग वाटलं, ती असती तर हे झालंच नसतं.

पेठ टाळून मागच्या गल्लीने जायचं ठरलं होतं. पण माझ्या बैलांना ते कोणी सांगितलं नव्हतं. कार्तिकापासून त्यांना एकच रस्ता ठाऊक, घर ते कापसाची पेठ. भगवंतरावांनी कासरा ओढला, शेपट्या पिरगाळल्या, बैलांच्या आयांचा उद्धार केला. बैल शांतपणे वळले आणि तेल्हाऱ्याकडून आलेल्या कापसाच्या बंड्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मागे आणखी वीस बंड्या लागल्या. आता पुढेही जाता येईना, मागेही.

तेवढ्यात एक दलाल आला. कापडाखाली झाकलेलं काहीतरी दिसलं की दलालाचा हात आपोआप आत जातो. त्याने एक हात पोथीच्या कापडाखाली घातला, दुसऱ्याने माझा हात रुमालाखाली ओढला आणि बोटं दाबून भाव सांगायला लागला.

"सोडा जी! पोथी हाय!"

"कोनत्या गावची?"

"कौंडण्यपूरची."

"तिकडचा धागा चांगला लांब असते," तो म्हणाला आणि त्याने आणखी एक बोट दाबलं.

एक हात त्याच्याकडे, एक समईवर. वारा आला, ज्योत आडवी झाली आणि पेठेचा रखवालदार ओरडत धावत आला. पेठेत दिवा, विडी, चिलीम, सगळ्याला सक्त मनाई. एक ठिणगी आणि अर्धं वऱ्हाड जळून जायचं.

"विझवा तो दिवा!"

"विझवता येत नाई!"

"मंग म्या विझवतो!"

त्याने पाण्याची बादली उचलली. बाया बंडीभोवती उभ्या राहिल्या. मागचे बंडीवाले शिव्या देऊ लागले. सूर्य खाली चालला होता, पुस्तकालय समोर दिसत होतं, शंभर पावलांवर, आणि मी समईवर अंग टाकून लहान मुलासारखा ओरडत होतो, "नाई! नाई!" पन्नाशीच्या माणसाला भर पेठेत हे शोभलं नाही, मला मान्य आहे.

गोंगाट ऐकून वामनराव वही काखेत घेऊन आले. बादली पाहिली, समई पाहिली. "हा काय प्रकार आहे? मी पुस्तक हजर करा म्हणालो होतो, वरात काढा म्हणालो नव्हतो."

पार्बताबाई त्यांच्या अंगावरच गेल्या. "अवो चिटणीस, तुमाले काही समजते का नाई? त्याची बायको मेली! तिची पोथी हाय ते, तिच्या बापाच्या हातची! सोमवारी वर्षश्राद्ध हाय, तिच्यासाठी वाचून रायला तो मानूस, आन तुमी शनिवार शनिवार करून रायले!"

रखवालदाराने बादली खाली ठेवली. मी समईकडे बघत राहिलो.

"हेतूच्या रकान्यात हे का नाही लिहिलंत?" वामनरावांनी हळूच विचारलं.

मी समईची वात सारखी केली.

त्यांनी वही उघडली, चार पानं उलटली. "नियम दुसरा," ते म्हणाले. "हे पुस्तकालय वर्षात तीनदा उठलं. ज्याची खोली घ्यावी तो तिच्यात कापूस भरतो. म्हणून नियम केला आहे की जिथे पाटी, वही आणि चिटणीस, तिथे पुस्तकालय. बैल वळवा. मी पाटी घेऊन येतो."

वीस बंड्या मागे सरकवून बैल बाहेर काढले. दिवेलागणीला माझ्या दारावर पुस्तकालयाची पाटी लागली. वामनरावांनी चौरंगापाशी बसून, पोथीला हात न लावता, 'क्रमांक बेचाळीस, जमा' असं लिहिलं. मी त्यांच्या पाया पडणार होतो, पण ते म्हणाले की पुस्तकालयात तसं करायला बंदी आहे.

तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं.

रविवारी सकाळी बाया जमल्या, मी एकोणिसावा अध्याय काढला, पहिली ओळ म्हटली आणि वामनराव कोपऱ्यातून म्हणाले, "शांतता."

"काय?"

"पुस्तकालयात मोठ्याने वाचण्यास मनाई. नियम चौथा. हे आता पुस्तकालय आहे."

मी मनातल्या मनात वाचू लागलो. ओठ हलत होते. बाया एकमेकींकडे पाहू लागल्या. पार्बताबाई म्हणाल्या, "आमी का तुमचे ओठ पायाले आलो काय?"

त्यातच टपाल आलं. वर्तमानपत्र पुस्तकालयात येतं आणि पुस्तकालय माझ्या घरी होतं, म्हणून पेठेतली सत्तर ऐंशी माणसं वर्तमानपत्रामागे माझ्या अंगणात घुसली. तुळशीवर पगड्या ठेवल्या, ओसरीवर दलाल, गोठ्यात व्यापारी. "भाव वाचा! भाव वाचा!"

"यायचा भाव मोठ्यानं चालते आन माही पोथी नाई?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"मोठ्याने वाचण्याचा अधिकार फक्त चिटणिसाला आहे," वामनराव म्हणाले. मग थोडं थांबून, वहीकडे न बघता म्हणाले, "चिटणीस गैरहजर असल्यास त्याचं काम हजर सभासदांपैकी एकाकडे जातं. नियम सतरावा." त्यांनी वही आणि कपाटाची किल्ली माझ्यासमोर ठेवली, उठले, उंबरा ओलांडून अंगणात गेले आणि पाठ करून उभे राहिले. "मी इथे नाही," ते बाहेरून म्हणाले.

मी चिटणीस झालो. मी वाचू लागलो. मोठ्याने.

बाहेर भगवंतरावांच्या हातात बंद वर्तमानपत्र. चिटणिसाच्या परवानगीशिवाय ते उघडायचं नाही, आणि चिटणीस मी. ते खिडकीशी आले. "नत्थुजी, पयले भाव, मंग पोथी! दोन मिंटाचं काम!" एकोणिसावा संपला. "नत्थुजी, तुमचा बी चाळीस बंड्या कापूस पडून हाय!" विसावा संपला. बाहेर माणसं घामाघूम झाली होती, पौषात. कोणी हात जोडत होतं, कोणी दात खात होतं. आत मी एकेक अक्षर लावत होतो. मला वेगाने वाचता येत नाही. आणि येत असतं तरी त्या दिवशी मी वाचलं नसतं. दरवर्षी पहिले भाव, मग पोथी, असंच तर मी करत आलो होतो.

एकविसाव्या अध्यायात रथ निघून गेलेला असतो. कोणी लढत नाही, कोणी धावत नाही. रुक्मिणीची आई वर्धेच्या काठावर उभी असते आणि रथाची धूळ खाली बसेपर्यंत पाहत राहते. एवढंच. कौशल्येच्या वडिलांनी तो लेकीच्या लग्नाआधी लिहिला असावा, कारण त्यातली अक्षरं इतर अध्यायांपेक्षा मोठी आणि वाकडी आहेत. मला ती वाचायला फार वेळ लागला. कधीतरी माझ्या लक्षात आलं की अंगणात कोणी बोलत नाही. गोठ्यातले व्यापारीही नाहीत. उंबऱ्याबाहेर गैरहजर चिटणीस डोळे पुसत होते.

समाप्ती झाली. नारळ फोडला. मी दारात जाऊन म्हणालो, "वामनराव, आता भाव वाचा. अंगन पुस्तकालयात येत नाई."

त्यांनी वाचला. आरडाओरडा झाला, पगड्या उडाल्या, पाच मिनिटांत अंगण रिकामं. भाव चढला होता की उतरला होता, मी विचारलंही नाही. ते मला दुसऱ्या दिवशी वर्षश्राद्धाच्या पंगतीत कळलं.

भगवंतराव मात्र मागे राहिले आणि माझ्या कानाशी लागले. "वही तुमच्या हातात हाय. बेचाळीस नंबरावर एक रेघ मारा आन पोथी देवघरात ठेवा. तुमचीच त हाय. कोन पायते?"

वामनराव भाव वाचून पुन्हा अंगणात पाठ करून उभे होते. त्यांना ऐकू गेलं असावं, पण ते वळले नाहीत. मी वही उघडली. बेचाळीस नंबरची ओळ शोधली. बोरू दौतीत बुडवला. पोथी घरात होती तेव्हा मी पंचवीस वर्षांत नऊ अध्याय वाचले होते. पुस्तकालयातून आणली तेव्हा सात दिवसांत एकवीस. बोरूची शाई वाळली, तरी मी रेघ मारली नव्हती.

"अवो नत्थुजी," पार्बताबाई म्हणाल्या. त्या प्रसाद घेऊन जायच्या बेतात होत्या. "ते पोथी मले भेटन काय? मधल्या दोन दिवशी जावई आला होता, माहे सा अध्याय रायले."

"बायांबद्दल काय नियम हाय?" मी अंगणाकडे पाहून विचारलं.

"बंदी लिहिलेली नाही," पाठमोरे वामनराव म्हणाले. "खरं सांगायचं तर ते कोणाच्या डोक्यातच आलं नाही."

"पन मले वाचता कुटं येते? वाचाचं तुमालेच लागन," पार्बताबाई म्हणाल्या.

"वाचतो."

मी त्यांना सभासद केलं. जामीन मी आणि भगवंतराव. भगवंतरावांनी कपाळाला हात लावला, पण सही केली. चौऱ्याऐंशी पानं मोजली. देणं सोमवारचं असतं, म्हणून उद्याची तारीख घातली. नियमांचा कागद काढून सगळ्यात वर ठेवला.

"शनिवारपर्यंत," मी म्हणालो. चिटणिसाचा आवाज मला बऱ्यापैकी जमला होता. "दिवे लागाच्या आत."

"आन झाला उशीर त?" पार्बताबाईंनी विचारलं.

"उशीर करू नोका, पार्बताबाई," मी म्हणालो. "तो म्या करून पायला."